ट्यूबरस स्क्लेरोसिस आणि मेंदूचा एमआरआय : या चुका टाळा

मी मिरजेत एमआरआय मशीनवर काम करतो. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून फिट येणारी पोरं घेऊन माणसं येतात. त्यात क्वचित एखादं ट्यूबरस स्क्लेरोसिसचं निघतं. साधारण ६,००० जन्मांमागे एक. टीएससी१ किंवा टीएससी२ या जनुकात बिघाड असतो, मेंदूत गाठी होतात आणि आकडी येते.

गेल्या पावसाळ्यात आटपाडीकडची एक आजी पाच वर्षांच्या नातवाला घेऊन आली. पिशवीत सीटीचा नुसता कागद, फिल्म घरी कपाटावर राहिलेली. कागदावर 'कॅल्शियमचे ठिपके' लिहिलेलं, म्हणून डोक्यातल्या जंताचे उपचार झालेले. गाऊन घालायला शर्ट काढला तर पाठीवर लिंबाच्या पाल्यासारखे, एका टोकाला निमुळते, चार पांढुरके डाग. "कोड न्हाय वो ते, जल्मल्यापासनं हाईत," आजी म्हणाली. तोवर कुणी पोराचा शर्टच वर केला नव्हता. मी तसाच आत रेडिओलॉजिस्टकडे गेलो. स्कॅनमध्ये मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांच्या कडेने गाठी दिसल्या.

आपल्याकडे सिस्टिसरकोसिस, म्हणजे डोक्यातले जंत, पुष्कळ, त्यामुळे कॅल्शियम दिसलं की मन तिकडेच धावतं. पण जंताचे डाग मेंदूत कुठेही असू शकतात, या आजारातल्या गाठी बहुधा पोकळीच्या कडेला चिकटून असतात. म्हणून फिल्म किंवा सीडी आणाच, नुसता रिपोर्ट पुरत नाही. अंगावर किमान ५ मिलिमीटरचे तीन किंवा जास्त पांढरे डाग असतील तर न विचारताही सांगा.

उपाशी आणायला सांगितलं म्हणून सकाळचं फिटचं औषध परस्पर चुकवू नका. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारा. बहुतेक वेळा घोटभर पाण्यासोबत घ्यायला सांगतात. कोणती औषधं चालू आहेत ते फॉर्मवर लिहा. व्हिगाबॅट्रिन या फिटच्या औषधामुळे काही मुलांच्या मेंदूच्या आतल्या भागात स्कॅनवर बदल दिसतात, ते आजाराचे समजले जाऊ शकतात. करदोटा, वाळे, ताईत घरीच काढून ठेवा. ताईताच्या आत काय आहे ते आम्हाला बाहेरून कळत नाही.

दोन वर्षांच्या आतल्या बाळाचा स्कॅन स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. त्या वयात मेंदूतलं मायलिन, म्हणजे मज्जातंतूंवरचं आवरण, पुरतं तयार झालेलं नसतं, गाठी लपतात. मोठं झाल्यावर डॉक्टर पुन्हा स्कॅन सांगतात तो खर्च वाया जाणारा नाही.

आणि सुनेला बोल लावणं थांबवा. सुमारे दोन तृतीयांश मुलांत जनुकातला हा बदल नव्यानेच झालेला असतो. उरलेल्यांत तो आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो, आणि ज्याच्याकडे आहे त्याच्या प्रत्येक अपत्याला ५० टक्के शक्यता असते. आई-बापाच्या नाकागालावर वर्षानुवर्षं न जाणाऱ्या पुटकुळ्या असतील, नखाच्या कडेला मांस वाढलं असेल, तर त्यांनीही तपासून घ्यावं.

निदान झालं की फाईल बांधून ठेवू नका. त्रास नसला तरी वयाच्या २५ वर्षांपर्यंत दर १ ते ३ वर्षांनी एमआरआय करायचा असतो, कारण एखादी गाठ वाढून मेंदूतल्या पाण्याची वाट अडवू शकते. पोराचं डोकं सकाळी उठल्यावर दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.