मोटर फिरते, पण चाक ओढत नाही

सांगलीच्या आयर्विन पुलाच्या चढावर माझी मोटर बसवलेली सायकल 'खट्' करायची आणि पुढची ओढ सुटायची. मोटरचा आवाज चालूच, हात वेग देणाऱ्या मुठीवर तसाच पिळलेला, पण सायकल मेलेली. मागून टमटमवाल्याचा हॉर्न. सांगलीवाडीहून पूल ओलांडून मार्केट यार्डात कामाला जाणारी मी, पुलाच्या तोंडाशी रोज सकाळी उतरून सायकल ढकलत होते. आठ महिन्यांत दोन फ्रीव्हीलं (एकाच दिशेने ओढ देणारी मागच्या चाकावरची चक्रं) आणि तीन चेनी बदलल्या. दोष त्यांच्यात नव्हताच. तो कसा शोधायचा हे कळायला मला फार वेळ लागला, तो तुमचा वाचावा म्हणून सगळं लिहिते.

आधी माझ्याकडे काय आहे ते सांगते, कारण अशी किटं बऱ्याच जणांनी बसवली आहेत. साधी 26 इंची लेडीज सायकल. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या पाइपाला पत्र्याचा ब्रॅकेट, त्यावर 24 व्होल्ट 250 वॅटची गिअरवाली मोटर. मोटरच्या तोंडाला 9 दात्यांचं छोटं चक्र. तिथून सायकलचीच अर्धा इंची चेन मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला जाते. तिथे हबवर बोल्टांनी बसवलेल्या अडॅप्टरवर 18 दात्यांचं फ्रीव्हील. उजवीकडे पायडलची चेन जशी होती तशीच. म्हणजे चाक एक, चेनी दोन. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मोटरच्या पाटीवर 324 फेरे लिहिलेत, म्हणजे गिअरमधून बाहेर पडणारे मिनिटाचे फेरे. 9 ला 18, म्हणजे चाकाला त्याचे निम्मे, 162. 26 इंची चाक एका फेऱ्यात दोन मीटरहून थोडं जास्त जातं, तेव्हा ताशी 20 किलोमीटरच्या आसपास. तुमची सायकल सपाट रस्त्यावर एवढी पळत असेल आणि फक्त चढाला दगा देत असेल, तर मोटर आणि बॅटरीच्या मागे लागू नका. ओढ वाटेत कुठेतरी सांडते आहे.

हात लावण्याआधी बॅटरीचा प्लग काढायचा. नुसती चावी फिरवून भागत नाही, प्लगच काढायचा. छोट्या चक्रात बोट सापडलं तर हाड राहत नाही. ओढणी असेल तर कमरेला बांधा, साडी असेल तर पदर खोचा. मी हे दर वेळी करते.

आता मोटरकडून चाकाकडे चालत यायचं. चेनचं लॉक (जोडकडीची क्लिप) काढून चेन उतरवा, प्लग लावा आणि मोटर एकटी फिरवा. चेन नसतानाही करकर ऐकू आली तर गिअरबॉक्स बघायचा. मोटर गुणगुणते पण बाहेरचं चक्र फिरत नाही, तर आतला दाता तुटला आहे. चक्र फिरतंय पण शाफ्टवर लडबडतंय, तर त्याचा नट ढिला आहे. माझ्या मोटरला चक्र शाफ्टच्या दोन सपाट बाजूंवर बसतं. नट ढिला राहून त्या बाजू एकदा गोल झाल्या की चक्र आणि शाफ्ट दोन्ही गेले. म्हणून महिन्यातून एकदा तो नट पान्याने बघायचाच.

गिअरबॉक्स मी एकदाच उघडला, 2019 च्या ऑगस्टच्या महापुरानंतर. सायकल चार दिवस पाण्याखाली होती. झाकण काढलं तर आतलं ग्रीस ताकासारखं पांढरं झालेलं. पाणी शिरलं की ग्रीस असंच होतं, आणि तसंच चालवलं तर गंज दाते खातो. सगळं डिझेलने धुऊन फडक्याने कोरडं केलं आणि एपी-3 ग्रीस भरलं. पोकळीच्या निम्म्याएवढंच भरायचं. ठासून भरलं की ते तापतं आणि सीलमधून मोटरच्या बाजूला सरकतं. धुताना डिझेलमध्ये चमकणारा बारीक चुरा दिसला तर दाते झिजताहेत असं समजा.

चुकीचं जोडलं गेलं की होणारी एक गंमतशीर वाटणारी पण घाबरवणारी गोष्ट: मोटर जोरात फिरते, फ्रीव्हील टिकटिकतं, सायकल जागची हलत नाही. सगळं नवं, काही मोडलेलं नाही. मोटर उलटी फिरते आहे, इतकंच. कार्बनवाल्या मोटरला दोनच जाड वायरी असतात, त्यांची अदलाबदल करा. मोटरला तीन जाड वायरी असतील तर हा उपाय तुमच्यासाठी नाही.

मोटर ठीक निघाली तर फ्रीव्हीलकडे या. प्लग काढून एका हाताने चाक धरा आणि दुसऱ्या हाताने फ्रीव्हील फिरवून बघा. सायकलच्या डाव्या बाजूला उभं राहून बघितलं तर चाक पुढे जाताना घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरतं. म्हणून डावीकडचं फ्रीव्हील काट्याच्या उलट फिरवलं की अडकलं पाहिजे आणि काट्याप्रमाणे फिरवलं की टिकटिकत मोकळं फिरलं पाहिजे. नवं विकत घेताना हे काउंटरवरच करून बघा. मला एकदा उजव्या बाजूचं साधं फ्रीव्हील मिळालं होतं, घरी आणून बसवल्यावर कळलं. अडॅप्टरचे आटेही फ्रीव्हीलच्या आट्यांशी जुळणारे लागतात. उजव्या आट्यांवर डावं फ्रीव्हील जबरदस्तीने फिरवलं तर दोन्हींचे आटे मरतात.

फ्रीव्हीलच्या आत स्प्रिंगवर बसलेले छोटे खटके असतात. माझी सायकल दुरुस्त करणाऱ्या चाचांच्या दुकानात त्यांना कुत्रे म्हणतात. ते उठले की ओढ लागते, दबलेले राहिले की सुटते. चिखलाने किंवा जाड ग्रीसने ते चिकटतात. म्हणून फ्रीव्हीलमध्ये ग्रीस भरू नये. सायकल आडवी करून फटीतून थोडं डिझेल सोडा, फिरवा, काळं पाणी बाहेर येऊ द्या, आणि स्वच्छ यायला लागलं की पातळ तेलाचे चार-पाच थेंब. त्यानंतरही वीस वेळा अडकवून बघताना एकदा जरी निसटलं तरी ते काढून टाका. उघडून दुरुस्त करायच्या फंदात मी पडत नाही. आतले छर्रे अंगणभर होतात, आणि झिजलेल्या कुत्र्याची धार परत येत नाही.

मग चेन. पट्टीने मोजा, डोळ्याने नको. अर्धा इंची चेनीत एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या चोविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत बरोबर 12 इंच, म्हणजे 305 मिलिमीटर भरतात. चेन ताणून धरा आणि मोजा. 308 भरले तर चेन संपली. मोटरकडची चेन पायडलच्या चेनीपेक्षा फार लवकर संपते आणि त्याला कारण ते छोटं चक्र आहे. 9 दात्यांवरून जाताना प्रत्येक कडी 40 अंशांत वाकते, 18 दात्यांवर 20 अंशांत. त्यात आमची काळी माती. तेलात मिसळली की ती पॉलिश पेपरसारखी घासत राहते. पावसाळ्यात मी दर रविवारी चेन फडक्याने पुसते, जुन्या टूथब्रशने डिझेल मारते, पूर्ण वाळू देते आणि मग प्रत्येक रोलरवर 90 नंबरच्या गिअर ऑइलचा एकेक थेंब सोडते. वरचं जादा तेल पुसून काढते. बाहेरून दिसणारं तेल माती गोळा करतं, आतलं तेल चेन जगवतं.

चेन बदलली की 9 दात्यांचं चक्रही बदला. जुन्या चक्राचे दाते वाघनखांसारखे एका बाजूला वळलेले असतात आणि नवी चेन त्यांच्यावर चढून उडी मारते. मी पहिल्यांदा फक्त चेन बदलली होती, आणि पुलावरची खट्खट् दुसऱ्याच दिवशी परत आली. चेनीच्या लॉकची बंद बाजू चेन जिकडे धावते तिकडे ठेवायची. उघडी बाजू पुढे राहिली तर कशाला तरी लागून क्लिप निघते.

आता ज्याने मला आठ महिने फिरवलं त्याबद्दल.

स्टँडवर सायकल अगदी गुणी वागायची. मागचं चाक हवेत, मुठ पिळली की सुरळीत. चाचांनी दोनदा बघून "यात काहीच नाही" म्हणून परत दिली, आणि स्टँडवर खरंच काही नव्हतं. मग एका संध्याकाळी भाच्याला मोबाइल घेऊन बाजूला बसवलं. पुढचं चाक भिंतीला टेकवलं, मी सीटवर बसले, पाय जमिनीवर घट्ट, आणि एक सेकंद मुठ पिळली. एकच सेकंद, चाक अडलेलं असताना जास्त वेळ पिळली तर मोटर आणि तिला वीज सोडणारा कंट्रोलर तापून जळतात. समोर कोणी उभं राहायचं नाही. भाच्याने संथ गतीचा व्हिडिओ घेतला होता. त्यात दिसलं की जोर पडल्याबरोबर ब्रॅकेट मोटरसकट मागे चाकाकडे झुकतो. नंतर पट्टी लावून मोजलं, चार मिलिमीटर.

मोटर पुढे, चाक मागे, त्यामुळे ओढताना वरची चेन ताणते. तो ताण मोटरलाच चाकाकडे खेचतो. ब्रॅकेट लवचीक असेल तर दोन्ही चक्रांमधलं अंतर कमी होतं, खालची चेन पोट सोडते आणि छोट्या चक्रावरून उडी मारते. सपाटीला जोर कमी, म्हणून काही होत नाही. म्हणूनच चढाला खट्.

उपाय सोपा निघाला. फॅब्रिकेशनवाल्याकडून 25 बाय 5 मिलिमीटरची लोखंडी पट्टी करून घेतली. तिच्या एका टोकाला गोल भोक, ते मागच्या ॲक्सलवर डाव्या नटाखाली. दुसऱ्या टोकाला लांबट खाच, ती ब्रॅकेटच्या बोल्टवर. आता मोटर आणि चाक यांच्यामध्ये पट्टी टेकू देते, अंतर कमी होऊच शकत नाही. ब्रॅकेटला साध्या नटांऐवजी नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेले, सहज ढिले न होणारे) घातले. चिमट्याच्या पाइपाला वेल्डिंग करू दिलं नाही, पाइप पातळ असतो.

हे बसवताना क्रम चुकवू नका. चाक पुढेमागे केलं की दोन्ही चेनी एकदम हलतात. म्हणून आधी चाक सरकवून पायडलची चेन लावायची, चाक चिमट्यात मधोमध आणून ॲक्सल आवळायचा. मग चाकाला हात न लावता मोटर खाचेत सरकवून डावी चेन ताणायची. उलट केलंत तर संध्याकाळ जाते.

ताण किती? खालच्या चेनीच्या मध्यावर बोटाने वर-खाली साधारण अर्धा इंच हलली पाहिजे. एकाच जागी बघू नका. चाक थोडं थोडं फिरवत बघा, कारण अडॅप्टर अगदी मधोमध बसलेला नसतो आणि चेन कुठे ताठ तर कुठे ढिली होते. जिथे सगळ्यात ताठ, तिथे अर्धा इंच ठेवा. फार ताणलेली चेन गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर बसते.

शेवटी गवंडी वापरतो तसली लाइनदोरी घ्या. फ्रीव्हीलच्या दात्यांच्या बाजूला लावून सरळ मोटरच्या चक्रापर्यंत ओढा. छोटं चक्र दोरीच्या रेषेत हवं. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर ब्रॅकेटखाली वायसर घालून सारखं करा. चाकाला आऊट असेल, म्हणजे फिरताना ते डुलत असेल, तर तो आधी काढून घ्या, नाहीतर दोरी दर फेऱ्याला वेगळंच सांगेल.

जोडल्यावर पहिले वीस किलोमीटर गेले की सगळे नट पुन्हा आवळा. माझ्या पट्टीचा ॲक्सलकडचा नट तेवढ्यात पाव फेरा ढिला झाला होता. त्यानंतर पांढऱ्या नेलपॉलिशने प्रत्येक नटावर आणि शेजारच्या लोखंडावर मिळून एक आडवी रेघ मारली. रेघ तुटलेली दिसली की नट सरकला. सकाळी डबा अडकवताना त्या पाच रेघा बघते आणि निघते.