व्हीपीएस घेताय? या चुका टाळा

"दादा, वर्षाचं पॅकेज घेतलंय, चार कोर, आठ जीबी, एकदम स्वस्तात. पण साइट रडतेय." व्हीपीएस, म्हणजे एका मोठ्या मशीनचा भाड्याचा तुकडा, घेतलेल्या कुणाचा तरी असा फोन महिन्यातून एकदा तरी येतोच. पैसे भरून झाल्यावर येतो, आधी कधीच नाही.

मागच्या आंब्याच्या सीझनची गोष्ट. ओळखीतल्या एकाची हापूसच्या ऑर्डरी घ्यायची साइट. दिवसा ठीक चालायची, रात्री आठनंतर ऑर्डरचं पान उघडायला दहा-बारा सेकंद. पठ्ठ्याने थीम बदलली, प्लगइन काढले, शेवटी जादा पैसे भरून रॅम दुप्पट केली. फरक शून्य. मी एसएसएचने (दुरून सर्व्हरमध्ये शिरायची सोय) आत शिरलो, मशीन कशात गुंतलंय ते दाखवणारी टॉप कमांड दिली आणि सीपीयूच्या ओळीतला शेवटचा आकडा पाहिला: ३८ एसटी. एसटी म्हणजे स्टील. तुमच्या व्हीपीएसला सीपीयू हवा होता, पण खऱ्या मशीनवर तो तेव्हा दुसऱ्याच्या कामात होता, त्या वेळेची ही टक्केवारी. नावही एसटी आणि तऱ्हाही तीच: तिकीट हातात, बसायला जागा नाही. कंपनीने एका मशीनवर वाट्टेल तेवढे भाडेकरू कोंबले होते. सपोर्टचं उत्तर काय, तर 'वेबसाइट ऑप्टिमाइझ करा'.

अक्षय तृतीयेच्या दोन दिवस आधी घाईत होस्ट, म्हणजे सर्व्हर भाड्याने देणारी कंपनी, बदलला. डीएनएसचा टीटीएल, म्हणजे साइटचा जुना पत्ता इतरांनी किती वेळ धरून ठेवायचा ती मुदत, २४ तासांचा ठेवलेला, तो आधी कमी करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशीही काही ऑर्डरी जुन्या सर्व्हरवर पडत राहिल्या, त्या वहीत उतरवून घेतल्या.

तेव्हापासून मी पहिल्यांदा एकाच महिन्याचे पैसे भरतो. तीन-चार दिवस रात्री नऊला टॉप लावून बसतो. एसटी दोन-तीनच्या आत राहिला तर ठीक, सारखा दहाच्या वर जात असेल तर रामराम. आणि केव्हीएम (प्रत्येक भाडेकरूला वेगळं आभासी मशीन) आहे ना, हे आधी विचारतो. कंटेनरवाल्या, म्हणजे सगळ्यांत एकच कर्नल वाटून दिलेल्या, स्वस्त प्लॅनमध्ये हा आकडा धड दिसेलच असं नाही. वार्षिक सवलतीची एवढी घाई कसली असते, मला कळत नाही.

दुसरं दुखणं बॅकअपचं. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं एक अख्खं डेटा सेंटर जळालं. ज्यांचा बॅकअपही त्याच इमारतीत होता, त्यांचं दोन्ही गेलं. होस्टच्या पॅनलमधलं स्नॅपशॉटचं (सर्व्हरची तिथल्या तिथे प्रत) बटण दाबून लोक निवांत झोपतात. मी रोज रात्री डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) घरच्या मशीनवर ओढतो आणि तीन महिन्यांतून एकदा तो दुसरीकडे रिस्टोअर करून बघतो. कंटाळवाणं काम आहे, मान्य.

बाकीचं थोडक्यात.

गिऱ्हाईक पुण्यात आणि सर्व्हर न्यूयॉर्कला, हे करू नका. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई-न्यूयॉर्क जाऊन-येऊन २५ हजार, म्हणजे सव्वाशे मिलिसेकंद नुसत्या प्रवासातच गेले. वेगवान एनव्हीएमई डिस्कही तिथे काही करू शकत नाही.

रूटचं (सर्व्हरच्या मालक खात्याचं) पासवर्ड लॉगिन 'उद्या बंद करू' म्हणू नका. नवा सर्व्हर सुरू झाल्यावर तासाभराने ऑथ लॉग, म्हणजे लॉगिनच्या प्रयत्नांची नोंद, उघडून बघा, किती जण दार ठोठावून गेलेत ते दिसेल. आधी एसएसएच की (पासवर्डऐवजी चावीची फाइल) लावा, मग वर्डप्रेस.

होस्टच्या पॅनलला टू-फॅक्टर (पासवर्डवर आणखी एक पडताळणी) नसेल तर तो होस्टच नको. पॅनल ज्याच्या हाती लागलं, त्याला तुमच्या फायरवॉलची फिकीर नाही.

आणि इन्स्टॉलच्या यादीत सेंटओएस ७ ही जुनी लिनक्स पहिल्या नंबरवर मिरवत असेल तर टॅब बंद करा. त्याचे अपडेट ३० जून २०२४ लाच संपले. एवढी यादी ज्यांना बदलायला सुचत नाही, ते खालचं खरं मशीन किती वेळेवर पॅच करत असतील?