गाडीच्या एसीत घरी गॅस भरायचा तर वजनकाटा हवाच

दर रविवारी मी अकोल्याहून कारंज्याला आईकडे जाते. मे महिन्यात ती गाडीत बरोबर असली की एसी चालायलाच हवा, कारण तिला ऊन आता अजिबात सोसत नाही. माझी हॅचबॅक २०११ची. एका गॅरेजमधून सलग तीन उन्हाळे गॅस भरून घेतला आणि दर वेळी पुढच्या मार्चपर्यंत हवा पुन्हा कोमट. गॅस गेला कुठे, हे कोणी पाहिलंच नाही. पेट्रोल जळून संपतं, तसा एसीतला गॅस संपत नाही. तोच गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळला.

म्हणून चौथ्या वर्षी मी स्वतः हात घातला. शेजारी फ्रीज दुरुस्त करणारे काका राहतात, त्यांनी दाब मोजायचं, निळी, लाल आणि पिवळी अशा तीन नळ्यांचं गेज दिलं आणि पहिल्यांदा शेजारी उभे राहिले. तुम्हीही पहिल्या वेळी जाणत्या माणसाला बोलवा.

गॅसचा कॅन विकत घेण्याआधी दोन गोष्टी बघा. केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, काढून उजेडात धरा. मग रेडिएटरच्या पुढची कंडेन्सरची जाळी बघा, गरम गॅस तिथे निवतो. हिवाळाभर कापसाच्या गाड्यांमागून चालून माझ्या जाळीवर रुईचा थर बसला होता. साध्या पाइपने, हलक्या धारेने धुतली तेवढ्यानेच फरक पडला. एसी लावल्यावर कंडेन्सरचा पंखा फिरतो का, कॉम्प्रेसरचा (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचा) क्लच टक्‌ करून बसतो का, हेही बघून घ्या. पंखा बंद असेल तर कितीही गॅस भरा, उपयोग नाही.

मग बॉनेटखालची पट्टी वाचा. त्यावर गॅसचा प्रकार आणि वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. माझ्या गाडीत आर-१३४ए आहे. नव्या काही गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो. तो पेट घेऊ शकतो, त्याचे जोडही वेगळे असतात, त्या गाडीला घरी हात लावू नका. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्याही सोडा, त्यांच्या कॉम्प्रेसरचं तेल वेगळं असतं. आणि स्वस्तात मिळणारा ज्वलनशील मिश्रणाचा गॅस तर कोणत्याच गाडीत नको. डॅशबोर्डमागे तो गळला तर तुम्ही त्याच केबिनमध्ये बसलेले असता.

आता गेजबद्दल. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते आणि हा मुद्दा मला फार जवळचा आहे. इंजिन बंद असताना गेज लावलं तर ३० अंशांना काटा ९५ पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास दिसतो. लोक म्हणतात, 'बघा, गॅस आहे की भरपूर!' पण बंद भांड्यात द्रव आणि वाफ दोन्ही असेपर्यंत दाब तापमानावर ठरतो, गॅस किती उरलाय त्यावर नाही. घरचा सिलिंडर आठवा. शेगडीची ज्योत शेवटपर्यंत तशीच असते. किती उरलाय ते आपण सिलिंडर उचलून ओळखतो. एसीचंही तसंच. गॅस वजनानेच कळतो.

काटा शून्यावर असेल तर मात्र तिथेच थांबा. आत हवा आणि दमट वाफ शिरलेली असते. गळती दुरुस्त करून व्हॅक्यूम पंपाने निदान अर्धा तास नळ्यांमधली हवा ओढून घ्यावी लागते, म्हणजे आतलं पाणी उकळून बाहेर येतं. मगच पट्टीवरचं पूर्ण वजन भरायचं. हे काम पंप असलेल्या माणसाकडेच द्या.

थोडा गॅस कमी असेल तर आधी गळती शोधा. गॅसबरोबर तेलही बाहेर येतं, म्हणून जिथे तेलकट धूळ चिकटलीय तिथे साबणाचा फेस लावा. माझ्याकडे बुडबुडे निघाले ते गॅस भरायच्या तोंडातल्या पिनेतून. तीन वर्षांचं दुखणं एवढ्याशा पिनेत होतं, वर टोपीही नव्हती! काकांनी गॅस आधी त्यांच्या मशीनने काढून घेतला, पिन बदलली आणि व्हॅक्यूम मारून तोच परत भरला. हवेत सोडला नाही. आर-१३४एचा अर्धा किलो हवेत सोडणं म्हणजे ७०० किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखं आहे.

उरलेली कमतरता मी भरली. गाडी उघड्यावर, डोळ्यांना चष्मा, हातात मोजे. हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो, अंगावर उडाला तर कातडी गोठते. इंजिन बंद ठेवून निळी नळी जाड पाइपच्या तोंडाला आणि लाल नळी बारीक पाइपच्या तोंडाला लावली. लाल नॉब सुरुवातीपासून शेवटपर्यंत घट्ट बंद. तो उघडला तर गाडीतला दाब कॅनमध्ये शिरतो आणि कॅन फुटू शकतो. पिवळी नळी कॅनला जोडली, कॅन उघडून ती गेजपाशी क्षणभर सैल केली, आतली हवा निघून गेली, पुन्हा आवळली.

मग इंजिन सुरू, एसी पूर्ण, ब्लोअर जोरात, दारं उघडी. कॅन उभाच धरायचा. उलटा केला तर द्रव थेट कॉम्प्रेसरमध्ये जातो. कॅन गार पडला की कोमट पाण्यात ठेवा, आगीजवळ कधीच नाही. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मी कॅन आधी मोजला होता. निळा नॉब थोडा उघडायचा, बंद करायचा, कॅनही बंद करून नळी सोडवायची आणि पुन्हा वजन. एका वेळी ३० ग्रॅमच्या वर नाही. गार हवा येते त्या जाळीत, म्हणजे व्हेंटमध्ये, थर्मामीटर अडकवलेला होता. १९ अंशांवरून तो १५, मग ११ वर आला. त्यापुढच्या खेपेला हललाच नाही, आणि मी थांबले. बाहेर ४० अंश असताना लाल गेज साधारण २३० ते २७० पीएसआय दाखवतं. ३००च्या वर जाऊ लागलं तर ताबडतोब थांबा. जास्त गॅसनेही थंडावा कमी होतो आणि कॉम्प्रेसर जातो.

शेवटी गॅस भरायच्या तोंडाला फेस लावून पुन्हा पाहिलं, दोन्ही टोप्या बसवल्या आणि बॉनेटच्या आत कागदी पट्टी चिकटवली: तारीख, ९० ग्रॅम, व्हेंट ११ अंश. पुढच्या उन्हाळ्यात व्हेंटचा आकडा चढला, तर कॅन न आणता मी पुन्हा फेस घेऊनच बसणार आहे.