स्टॉपर व्हायचंय? मग वयाची घाई करू नका

कोल्हापुरात फुटबॉल पेठेचा असतो. पाटाकडील, प्रॅक्टिस, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ यांची शाहू स्टेडियमवर मॅच असली की दुकानाची शटरं लवकर खाली येतात. अशा गावात प्रत्येक पोराला फॉरवर्डच व्हायचं असतं, कारण खांद्यावर उचलून मिरवतात ते गोल मारणाऱ्याला. मला उंचीमुळे लहानपणीच मागं उभं केलं आणि मी मागंच राहिलो. आधी तालमीच्या संघात, मग मुंबईत एका खात्याच्या संघात, नंतर आय-लीगच्या खालच्या डिव्हिजनमधल्या क्लबांत, सगळीकडं स्टॉपर म्हणून, म्हणजे बचावाच्या मधोमध, खेळलो. आता पोरांना शिकवतो. पालक येऊन विचारतात, "सर, हा एकोणीसचा झाला, अजून कुठल्या मोठ्या क्लबनं घेतला नाही. आता सोडून द्यावं का?" हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

बचावपटू उशिरा पिकतो. ही समजूत काढण्यासाठी सांगत नाही, खेळच तसा आहे. फॉरवर्डला वेग आणि अंगातली नजर अठराव्या वर्षी पुरते. त्याचे दहा प्रयत्न फसले आणि अकरावा जाळ्यात गेला तर तो हिरो. स्टॉपरला मात्र समोर काय होणार हे आधी ओळखावं लागतं, आणि ती ओळख शेकडो मॅच पाहून, खेळून, गोल खाऊनच येते. म्हणून क्लबही स्टॉपरच्या जागी कोवळं पोर उतरवायला कचरतात. आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, मैदानावर एका वेळी चारच परदेशी खेळाडू चालतात, पण त्यातला एक बहुतेकदा मधला स्टॉपरच असतो. राहिलेल्या जागेसाठी अनुभवी भारतीय खेळाडू रांगेत उभे असतात.

आपल्या मुंबईचा राहुल भेके बघा. भारताकडून पहिला सामना खेळला तो 2019 मध्ये, वयाच्या 28व्या वर्षी. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईतच झालेल्या आयएसएल फायनलला एफसी गोवाविरुद्ध जादा वेळेत, 117व्या मिनिटाला कॉर्नरवर हेड मारून त्यानं बेंगळुरूला कप मिळवून दिला. एप्रिल 2022 मध्ये मुंबई सिटीनं रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला 2-1 हरवलं. आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय, आणि विजयी गोल पुन्हा भेकेच्याच डोक्यातून आला. केरळचा अनस एडाथोडिका आपल्या मुंबई एफसी आणि पुणे एफसीत वर्षानुवर्षं घाम गाळत होता. देशाची जर्सी त्याला मिळाली 2017 मध्ये, तिशीत. ही दोन नावं मी पालकांना नेहमी सांगतो. मुंबई-पुण्याच्या मैदानांवर तयार झालेले स्टॉपर आहेत हे, त्यांच्याकडं बघून हिशोब करा.

आता मैदानावरचं काम. नवीन पोराला वाटतं, बचाव म्हणजे टॅकल. चांगला स्टॉपर जमिनीवर घसरतो ते अगदी नाइलाजानं. त्याचं खरं काम चेंडू दूर असताना चालू असतं. चेंडू समोरच्या हाफमध्ये असला तरी मान वळत राहिली पाहिजे: माझा माणूस कुठं आहे, माझ्या पाठीमागं किती जागा आहे, जोडीदार स्टॉपर माझ्या रेषेत आहे का. ट्रायलला आलेल्या पोराच्या पायाकडं मी पहिली काही मिनिटं बघतच नाही, मानेकडं बघतो. ज्याची नजर चेंडूलाच चिकटलेली आहे, त्याच्या पाठीमागून माणूस पळून जाणार हे ठरलेलं.

फॉरवर्ड चेंडू घेऊन अंगावर आला की छाती त्याच्याकडं करून सरळ उभं राहायचं नाही. सरळ उभं राहिलात तर तो दोन्ही बाजूंनी जाऊ शकतो, शिवाय पायांच्या मधूनही. अंग तिरकं ठेवायचं, एक पाय पुढं, गुडघे थोडे वाकलेले, वजन पंज्यांवर. हात लांब केला तर त्याच्या छातीला लागेल एवढं अंतर. त्याच्या कमजोर पायाची बाजू मोकळी सोडायची, तीही टचलाईनकडची, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेषेकडची, आणि त्याच्या वेगानं मागं सरकत राहायचं. तो थांबला की आपण थांबायचं. चेंडू त्याच्या पायापासून जरा लांब सुटला तो आपला क्षण, त्याच्या आधी पाय टाकायचा नाही. हे कागदावर सोपं आहे. नव्वद मिनिटं, मे महिन्याच्या उन्हात, गॅलरीतून "पाय टाक की!" म्हणून ओरडा चालू असताना धीर धरणं अवघड आहे, आणि तोच स्टॉपरचा गुण.

मोठ्या डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकटीत, तर हा धीर जीव की प्राण. 2019च्या आशिया चषकात शारजाला बहारीनविरुद्ध भारताला नुसती बरोबरी पुरे होती. नव्वद मिनिटं पोरांनी किल्ला लढवला, आणि अगदी शेवटी डीमध्ये फाऊल, पेनल्टी, 0-1, स्पर्धेतून बाहेर. ती मॅच मी शिष्यांना दाखवतो. कुणाला दोष द्यायला नाही. दमलेल्या पायांनी डोकं कसं वागतं हे त्यांना दिसावं म्हणून.

दुसरी गोष्ट तोंडाची. स्टॉपरला सगळं मैदान समोर दिसतं, पुढं मिडफिल्डला खेळणाऱ्याला पाठीमागचं दिसत नाही. म्हणून बोलणं ही तुमची जबाबदारी. "मॅन ऑन" (मागून माणूस आलाय), "वेळ आहे", "आऊट", "डावीकडं" असे छोटे शब्द, वेळेवर, मोठ्यानं. शांत स्वभावाची पोरं मला म्हणतात, ओरडणं जमत नाही. जमवावं लागतं. चार जणांची रेषा एकत्र वर सरकली तर ऑफसाईड मिळतो, एक जण मागं राहिला तर गोल. ती रेषा हाकेवरच हलते.

आणि पाय. पूर्वी बॅकनं चेंडू लांब फेकला की काम झालं असं मानायचे. आता गोलकीपरपासून पासनं खेळ सुरू होतो, त्यामुळे दोन्ही पायांनी वीस-तीस मीटरचा सरळ पास आलाच पाहिजे. डावखुरा स्टॉपर तर सगळ्यांनाच हवा असतो आणि सापडत नाही. तुमचा डावा पाय नैसर्गिक असेल आणि उंची असेल, तर विंगर होण्याच्या मागं लागू नका.

शरीराबद्दल थोडक्यात. हॅमस्ट्रिंग, घोटा, भुवईवरचे टाके हे होणारच. गुडघ्यातला एसीएल नावाचा लिगामेंट तुटला तर मात्र करिअर हलतं. ऑपरेशननंतर साधारण नऊ महिने, कधी त्याहून जास्त. भारताचा स्टॉपर संदेश झिंगनचा 2019 मध्ये राष्ट्रीय संघाच्या सरावातच गेला, अख्खा हंगाम बुडाला, तरी तो परत आला, क्रोएशियातल्या शिबेनिक क्लबनंही त्याला घेतलं. डोक्याला मार लागून गरगरलं तर त्या दिवशी परत मैदानात जायचं नाही, कोच कितीही म्हणाला तरी.

कागदांकडं मात्र नीट लक्ष द्या, कारण आपल्याकडची बरीच पोरं इथं बुडतात. जन्मतारीख खरी ठेवा. वयोगटाच्या स्पर्धांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासतात, आणि एकदा पकडला गेलेला पोरगा त्या वयात परत उभा राहत नाही. ट्रायलसाठी, "संघात नक्की घेतो" म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. फिफानं 2023 पासून एजंटांची परवाना परीक्षा पुन्हा सुरू केली आहे, तेव्हा परवाना आहे का हे विचारायला लाजू नका. करार सही करण्याआधी एखाद्या वकिलाला वाचायला द्या: दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कुणाचा, हंगामाबाहेरच्या महिन्यांचा पगार आहे का, क्लब कधी करार मोडू शकतो. अठराच्या आतल्या खेळाडूचा करार फिफाच्या नियमानं तीन वर्षांपेक्षा मोठा नसतो. पगार थकला तर फोनवर भांडू नका, लिहून द्या. दोन महिन्यांचा पगार अडकला असेल तर लेखी नोटीस देऊन किमान 15 दिवसांची मुदत द्यायची आणि तरी मिळाला नाही तर करार सोडायचा, ही वाट फिफाच्या नियमांत आहे. माझ्या एका क्लबनं हंगामाच्या शेवटी हात वर केले होते. ज्या सोबत्यांनी सगळं लेखी ठेवलं होतं त्यांनाच काही हाती लागलं.

क्लब कायमचा असतो असं धरून चालू नका. महिंद्रा युनायटेडसारखा संघ 2010 मध्ये बंद झाला. गोव्यात धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी 2016 मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतलं. 2025च्या जुलैत तर आयएसएलचा नवा हंगामच लांबणीवर पडला, कारण महासंघ आणि स्पर्धा चालवणारी कंपनी यांच्यातला करार पुढं ठरला नव्हता. देशातले सगळ्यात चांगले खेळाडू तेव्हा घरी बसून सराव करत होते.

म्हणूनच मी पालकांना दोन्ही पाय एका होडीत ठेवायला सांगत नाही. बारावी आणि पदवी पूर्ण करा, बाहेरून का होईना. रेल्वे, पोलीस, बँका, प्राप्तिकर यांच्या खेळाडू कोट्याच्या जाहिराती बघत राहा. त्यासाठी राज्याकडून, विद्यापीठाकडून खेळल्याची प्रमाणपत्रं लागतात, ती फाईलमध्ये लावून ठेवा. खात्याच्या संघाला कमी लेखू नका. मला तिथं दर महिन्याला पगार होता, रोज सकाळी सराव होता आणि मुंबईच्या लीगमध्ये वयानं मोठ्या, कसलेल्या फॉरवर्डांशी गाठ पडत होती. माझी मान वळायला लागली ती तिथंच.

खेळणं संपल्यावर मागं खेळलेल्याला कोचिंग जवळचं वाटतं, कारण बोलण्याची आणि मैदान वाचण्याची सवय आधीच असते. गोव्याचा महेश गवळी टाटा फुटबॉल अकादमीत तयार झाला, धेंपोच्या बचावाचा कणा होता. 2023च्या दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ स्पर्धेत मुख्य प्रशिक्षक निलंबित असताना फायनलला भारताच्या बाकावर तोच उभा होता आणि कुवेतविरुद्ध पेनल्टी शूटआऊटमध्ये आपण जिंकलो. एआयएफएफचा, म्हणजे आपल्या फुटबॉल महासंघाचा, कोचिंगचा डी लायसन्स हा पहिला टप्पा आहे. मी तर खेळत असतानाच करा म्हणतो. कोच तुमच्याकडून नेमकं काय मागतोय हे तिथं बसल्यावर कळायला लागतं, आणि पुढच्या शनिवारच्या मॅचलाच त्याचा उपयोग होतो.