जुन्या गाडीच्या पुढच्या शॉकअपच्या स्प्रिंगा बदलायच्या कशा

पुढचा ब्रेक दाबला की गाडी नाकावर येते, बेळगावच्या खानापूर रोडच्या खड्ड्यात लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा धाडकन आवाज येतो, स्टँडवरून उतरवली की नुसत्या स्वतःच्या वजनानंच पुढून खाली बसते. हे होत असेल तर स्प्रिंगा दबल्यात. १९९६ ला बंद झालेली यामाहाची आरएक्स १०० घ्या नाहीतर सुरुवातीच्या स्प्लेंडर घ्या, जांबोटी, चोर्ला घाट, तिकडचा पाऊस आणि तांबडा चिखल हे सगळं त्याच जुन्या स्प्रिंगांनी सोसलंय. लोक काय करतात, सील गळतंय म्हणून सील बदलतात, ऑइल नवीन घालतात, आणि दबलेली स्प्रिंग तशीच आत सोडतात.

आणखी एक. जुन्या स्प्रिंगवर पाइपचा तुकडा नाहीतर चार वॉशर टाकून "कडक करून देतो" म्हणणाऱ्याकडं गाडी सोडू नका. तुकडा टाकल्यानं गाडी पुढून उंच होते एवढंच, स्प्रिंग नरम ती नरमच राहते. आणि तुकडा जास्त लांब झाला तर मोठ्या खड्ड्यात स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकतात आणि दणका सरळ हँडलमधून मनगटात येतो. स्प्रिंगा नव्याच घ्या, आणि जोडीनं घ्या.

गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिनखाली ठोकळा ठेवून जॅक लावा, पुढचं चाक अधांतरी पाहिजे. हँडल आड येत असेल तर टाकीवर जाड कापड टाकून मागं सरकवा, ब्रेकची केबल किंवा होज मुडपू देऊ नका. वरच्या टीचा (शॉकअपचे दोन्ही पाइप वरून धरणारा भाग) पाइप आवळणारा बोल्ट आधी ढिला करा, मगच पाइपाच्या तोंडावरची कॅप. हा क्रम उलटा केला की कॅप हलत नाही, मग पाइप पाना लावतात आणि कॅपचे कोपरे गोल होऊन बसतात. शेवटचे दोन आटे राहिले की तळहातानं कॅप दाबून धरा, तोंड बाजूला ठेवा, डोळ्यावर चष्मा घाला, कारण खाली स्प्रिंग दाबलेली असते आणि कॅप उडते. काही जुन्या गाड्यांत कॅपला आटेच नसतात, रबरी टोपीखाली एक प्लग आणि त्याला अडवणारी तारेची रिंग असते. तिथं एकानं प्लग दाबून धरायचा, दुसऱ्यानं रिंग काढायची. एकट्यानं करायचं नाही ते.

सायकलचा स्पोक वाकवून स्प्रिंग हळू वर ओढा, ऑइल निथळू द्या. नवीच्या शेजारी उभी करून बघा, आणि मॅन्युअलमध्ये किमान लांबी दिलेली असते त्याच्याशी मोजून बघा. जुनं ऑइल खालच्या ड्रेन स्क्रूनं सगळं काढा. नवीन ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचं. लेव्हल मात्र मोजूनच, स्प्रिंगा बाहेर ठेवून, चाक हातानं वर उचलून खाली ठोकळे लावून पाइप पूर्ण दाबलेले असताना, स्टीलच्या पट्टीनं, दोन्ही बाजूंना सारखी. जास्त झालं तर आतली हवा दाबायला जागा उरत नाही आणि सील फुटतं. मग ठोकळे काढून चाक पूर्ण खाली सोडा.

आता खरं काम, कॅप परत बसवणं. मला सगळ्यात जास्त त्रास इथंच झालाय, आणि चांगल्या गाड्यांचे पाइप इथंच खराब होताना बघितलेत.

नवी स्प्रिंग सोडा (एका टोकाला वेढे जवळजवळ असतील तर कुठलं टोक वर ते सोबतच्या कागदात बघा), त्यावर वॉशर, त्यावर स्पेसर (स्प्रिंग आणि कॅपमधली नळी), आणि कॅप नुसती ठेवून बघा. कॅपचे आटे पाइपाच्या तोंडापासून पंधरा-वीस मिलीमीटर वर राहिले तर सुरुवातीला ठीक आहे. चार बोटं वर राहत असेल तर स्पेसर लांब आहे, तिथं ताकद लावू नका, स्पेसर कापा. उद्यमबागेत कुठलाही लेथवाला दहा मिनिटांत दोन्ही तोंडं सरळ करून देतो. हॅक्सॉनं तिरका कापलेला स्पेसर कॅपला एका बाजूनं ढकलतो, आणि आटे चढवताना सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

कॅपच्या ओ रिंगला ग्रीस लावा. टी पान्याला सॉकेट लावा, गाडीच्या पुढं उभे राहून पान्यावर छातीचा भार द्या, मनगटाचा नको, मनगटानं कॅप तिरकी होते. खाली दाबून धरूनच आधी उलटं फिरवा. हळू. एका ठिकाणी बारीक टिक लागतं हाताला, कॅप किंचित खाली बसते, तिथंच कॅपच्या आणि पाइपाच्या आट्यांची तोंडं जुळतात. तिथून सुलट फिरवायचं. दोन फेरे नुसत्या हाताच्या जोरानं गेले पाहिजेत. अर्ध्या फेऱ्यात घट्ट लागलं तर लगेच मागं या, साफ करा, परत टिक शोधा. "थोडं अजून, बसेल" म्हणून पाना लांब करणं म्हणजे पाइप भंगारात घालणं. इम्पॅक्ट गन तर या कामाला गाडीजवळ आणूच नका, कोणी कितीही घाईत असला तरी. आटे बारीक असतात आणि कॅप बऱ्याचदा ॲल्युमिनियमची, एकदा तिरके आटे पडले की जुन्या गाडीची कॅप शोधत फिरावं लागतं की हो. आणि आधी कॅप पूर्ण आवळायची, टीचा बोल्ट शेवटी, नाहीतर तो पाइपाला चिमटतो आणि कॅपचे आटे जड जातात.

झालं की गाडी खाली घ्या, हँडल बसवा, पुढचा ब्रेक धरून चार-पाच वेळा दाबा. आता तुमच्या वजनानं गाडी पुढून किती बसते ते मोजायचं. चाक परत अधांतरी करा, पाइपाला केबल टाय बांधून सीलपर्यंत खाली सरकवा. मग गाडी खाली घ्या, नेहमीचे कपडे-हेल्मेट घालून बसा, हळूच उतरा, चाक परत अधांतरी करून टाय किती वर सरकला ते मोजा. रस्त्याच्या गाडीला एकूण हालचालीच्या चौथा ते तिसरा हिस्सा चालतो, म्हणजे एकशे दहा मिलीमीटर असेल तर तीस-पस्तीसच्या आसपास. जास्त बसत असेल तर थोडा लांब स्पेसर, कमी बसत असेल तर आखूड, एका वेळी पाच मिलीमीटरच बदला.

आठवडाभर फिरवल्यावर कॅप आणि सीलभोवती ऑइलचं कडं दिसतंय का बघा, आणि पावसात फिरून आलात की पाइपावरचा चिखल आधी पाण्यानं भिजवून मग पुसा, कोरडा पुसला तर बारीक चरे पडतात आणि सील परत गळायला लागतं.