स्मरणिकेतले जुने फोटो काळे का पडतात, आणि छपाईसाठी ते कसे तयार करावेत

मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी शाळेचा सुवर्णमहोत्सव आला की स्मरणिका निघते, आणि तिच्यात संस्थापकांचे किंवा हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या स्वातंत्र्यसैनिकांचे जुने कृष्णधवल फोटो छापले जातात. मूळ फोटोत स्पष्ट दिसणारे डोळे छापील पानावर मात्र काजळी धरल्यासारखे दिसतात आणि दोष मशीनमनला दिला जातो. बहुतेक वेळा चूक त्याच्या आधीच झालेली असते, कारण मशीन फोटो कसा छापते हे लक्षात न घेताच तो प्रेसमध्ये दिलेला असतो.

ऑफसेट मशीन करडा रंग छापू शकत नाही. कृष्णधवल छपाईत तिच्याकडे एकच काळी शाई असते आणि कागदावरच्या एखाद्या जागी ती शाई लागते किंवा लागत नाही. त्यामुळे फोटोची बारीक ठिपक्यांची जाळी करावी लागते, आणि तिलाच हाफटोन म्हणतात. तिफणीने पेरलेल्या ज्वारीच्या दोन ओळींतले अंतर सगळ्या रानात सारखेच असते. पण भारी काळ्या जमिनीत ताटे भरघोस वाढतात, मुरमाड पट्ट्यात ती खुरटी राहतात, म्हणून टेकडीवरून पाहिले तर एकाच रानात गडद आणि फिकट हिरव्याचे पट्टे दिसतात. हाफटोनमध्येही ठिपक्यांच्या केंद्रांमधले अंतर कायम असते, बदलतो तो ठिपक्याचा आकार. कपाळावर ठिपके बारीक असतात, केसांत ते एकमेकांना चिकटून मध्ये कागदाचे पांढरे कण तेवढे उरतात, आणि हातभर अंतरावरून डोळा त्यांचे मिश्रण करून करडी छटा पाहतो. घरातल्या वर्तमानपत्रावर भिंग धरून हे एकदा अवश्य पाहावे.

संगणक येण्यापूर्वी ही जाळी काचेची असे. समांतर रेघा कोरलेल्या दोन काचा काटकोनात चिकटवून ती काच कॅमेऱ्यात फिल्मच्या थोडी पुढे ठेवत, आणि जिथून प्रकाश जास्त येई तिथे निगेटिव्हवर ठिपका मोठा उमटे. इंग्लंडमधले छायाचित्रणाचे प्रवर्तक टॅलबट यांनी १८५२ मध्ये कापडाच्या जाळीचा उपयोग सुचवला होता आणि जर्मनीत मायझेनबाख यांनी १८८२ मध्ये हाफटोनचे पेटंट घेतले. या तंत्रावर कोलकात्यातून मोलाचे संशोधन करणारे उपेंद्रकिशोर राय यांचे नाव आपल्याकडे मुद्रणाच्या संदर्भात फार कमी घेतले जाते, याची मला खंत वाटते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. सुरुवात फोटोपासून न करता कागदापासून करावी. वर्तमानपत्री कागदावर इंचाला साधारण ८५ ओळींची, म्हणजे ठिपक्यांच्या ८५ रांगांची, मॅपलिथो या साध्या छपाईच्या पांढऱ्या कागदावर १०० ते १३३ ओळींची, तर गुळगुळीत आर्ट पेपरवर १५० किंवा त्याहून अधिक ओळींची जाळी चालते, आणि नेमका आकडा प्रेसला विचारून घ्यावा. त्या आकड्याच्या दुप्पट पिक्सेल प्रत्येक इंचाला लागतात. म्हणजे १०० ओळींच्या जाळीत ४ इंच रुंद फोटो छापायचा असेल तर तो किमान ८०० पिक्सेल रुंद हवा. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकुंचन पावतो, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून मागवावा. जुन्या अंकात छापलेला फोटो पुन्हा स्कॅन करणे शक्यतो टाळावे, कारण जुन्या जाळीवर नवी जाळी बसली की चौकटीचौकटींचे लाटेसारखे नक्षीकाम उमटते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ठिपक्याचे फुगणे. सच्छिद्र कागदात शाई पसरते, त्यामुळे ५० टक्के जागा व्यापणारा ठिपका वर्तमानपत्री कागदावर ७५ टक्क्यांच्या आसपास जाऊन पोहोचतो, आणि चेहऱ्याच्या मधल्या छटा, विशेषतः सावळ्या चेहऱ्याच्या, नेमक्या याच टप्प्यात असतात. म्हणून फोटोशॉपमध्ये फोटो ग्रेस्केल, म्हणजे फक्त काळ्या-करड्या छटांचा, करून छटा बदलण्याच्या कर्व्ह्स या सोयीने मधल्या छटा उजळ कराव्यात. अशा कागदासाठी सर्वांत गडद भाग ८५ ते ९० टक्क्यांवर थांबवावा आणि कपाळावर, धोतराच्या पांढऱ्या भागात ३ ते ५ टक्क्यांचा ठिपका राहू द्यावा, नाहीतर तो भाग कोरा पडतो. पडद्यावर हा फोटो फिका वाटेल, तरी घाबरू नये. मात्र प्लेट, म्हणजे मशीनवर चढवायचा छपाईचा पत्रा, काढताना प्रेसच स्वतः ही दुरुस्ती करत असेल तर आपण ती पुन्हा करू नये.

ऑफसेटसाठी फोटो असाच ग्रेस्केल द्यावा, जाळी प्लेटच्या वेळी आपोआप होते. स्क्रीन प्रिंटिंगसाठी, म्हणजे कापडाच्या जाळीतून शाई दाबून छापण्यासाठी, बटर पेपरवर पॉझिटिव्ह (छापायच्या चित्राची काळी प्रत) काढायची असेल तरच जाळी स्वतः करावी लागते: फोटोशॉपमध्ये ग्रेस्केलवरून बिटमॅप मोडमध्ये जाऊन हाफटोन स्क्रीन निवडावा, ओळी ५० आणि कोन ४५ अंश ठेवावा, कारण आडव्या-उभ्या रांगा डोळ्याला लगेच टोचतात. ६०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ६०० कण उमटवणाऱ्या, लेझर प्रिंटरवर ५० ओळींत एका ठिपक्याला १२ गुणिले १२ कणांची जागा मिळते आणि १४५ छटा निघतात. हाव धरून १०० ओळी केल्या तर छटा ३७ वर येतात आणि गालावर पट्टे दिसतात. कापडाची जाळी ओळींच्या चार-पाच पट, म्हणजे इंचाला २०० ते २५० धाग्यांची घ्यावी.

रंगीत फोटोत अशाच चार जाळ्या एकावर एक येतात. काळी ४५, किरमिजी ७५, निळी १५ आणि सर्वांत कमी दिसणारी पिवळी ० अंशावर ठेवतात; हे कोन प्रेसच सांभाळते. आपण फक्त ज्या कागदावर स्मरणिका निघणार आहे त्याच कागदावर एक प्रूफ मागावे आणि त्यात डोळ्यांच्या खोबणीत बुबुळ वेगळे दिसते का, एवढे भिंगाशिवाय तपासावे.