स्कोनच्या फार्मवरचा पहिला हंगाम

सिडनीच्या उत्तरेला सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवर असलेल्या स्कोन परिसरात घोड्यांच्या पैदाशीच्या फार्मवर नोकरीसाठी येणाऱ्या आपल्या मुलामुलींना माझे पहिले सांगणे असे की, घोड्यावर उत्तम बसता येते म्हणून येथे कोणी हुशार ठरत नाही. ज्याला घोडीकडे नीट बघता येते तोच टिकतो.

दक्षिण गोलार्धात थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या घोड्याचे वय १ ऑगस्टपासून मोजतात आणि घोडी सुमारे अकरा महिने गाभण असते. शिंगरे त्या तारखेनंतर लवकर जन्मावीत असा बेत असतो, त्यामुळे ऑगस्टपासून कामाचा रेटा सुरू होतो. सुरुवातीला तुमच्या वाट्याला लीद काढणे, पाण्याची भांडी घासणे आणि घोड्यांना म्होरकी घालून कुरणात नेणे हेच येईल. ते हलके काम समजू नका, कारण आज लीद कमी पडली आहे किंवा कोरडी आहे हे ती रोज उचलणाऱ्यालाच सर्वांत आधी कळते आणि पोटदुखीची पहिली खूण बऱ्याचदा तीच असते. वाहन चालवण्याचा परवाना व भरपूर गरम कपडे मात्र आल्याबरोबर मिळवा. ऑगस्टच्या रात्री कुरणावर दहिवर गोठते.

घोड्या बहुतेक रात्रीच वितात, म्हणून रात्रपाळी मिळाली तर ती आनंदाने घ्या. सडांवर मेणासारखे थेंब दिसू लागले की वेळ जवळ आली असे समजावे. पाणमोट फुटल्यावर पुढचे सारे साधारण अर्ध्या तासात उरकते. पांढुरक्या पडद्याऐवजी लाल, मखमली पिशवी बाहेर येताना दिसली तर शिंगराचा प्राणवायू तुटत आहे असे धरून त्या क्षणी वरिष्ठांना हाक मारावी व पिशवी फाडावी. शिंगरू तासाभरात उभे राहावे, दोन तासांत त्याने चीक प्यावा आणि तीन तासांत घोडीची वार पडावी, हा हिशेब येथे सर्वांना पाठ असतो.

ज्यांच्या घरी गाई-म्हशी आहेत त्यांना हे सारे ओळखीचे वाटेल आणि धोका नेमका तेथेच आहे. गाईची वार पडायला आठ-दहा तास लागले तरी आपल्याकडे कोणी घाबरत नाही. माझ्या पहिल्या हंगामात मीही त्याच सवयीने सकाळपर्यंत थांबलो आणि कोणालाही उठवले नाही. डॉक्टर आले तोवर घोडीला ताप चढला होता. पुढे तिच्या खुरांत दाह उतरला आणि कित्येक आठवडे तिला नीट पाऊल टाकता येईना. ती वाचली, पण तिचे ते जपून पाऊल उचलणे मी आजही विसरलेलो नाही. झोपमोड केली म्हणून येथे कोणी रागावत नाही. उशिरा सांगितले तर मात्र रागावतात आणि ते योग्यच आहे.

वार पडल्यावरही ती लगेच टाकून देऊ नये. ती ओल्या, स्वच्छ फरशीवर पसरावी, गर्भाशयाच्या दोन्ही शिंगांमधली, म्हणजे त्याच्या दोन फाट्यांमधली, वारेची टोके शाबूत आहेत का ते बोटांनी चाचपून पाहावे आणि तळहाताएवढा तुकडा जरी कमी वाटला तरी पहाटेची वाट न पाहता फोन करावा.